जपानमधली ड्रिंकची मशीन: पाचातले साडेचार स्टार

आमच्या इंदूरच्या रामबागेत जो भेटतो तो फुजी पाहिला का विचारतो, पण मुलाकडे जपानला राहून आल्यावर मला रिव्ह्यू द्यावासा वाटतोय तो तिथल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या ड्रिंकच्या मशीनचा. गल्लीत, स्टेशनवर, अगदी शेताच्या कडेलासुद्धा उभी, रात्रभर चालू, आणि कोणी फोडत कसं नाही याचंच आमच्या ह्यांना जास्त नवल. एकाच मशीनमधे गरम आणि थंड दोन्ही मिळतं हो! लाल पट्टी म्हणजे गरम, निळी म्हणजे थंड, जपानी वाचता नाही आलं तरी काही अडत नाही. थंडीत गरम कॉफीचा कॅन आधी हातात धरून बोटं शेकायची, मग प्यायची. मक्याचं सूपपण येतं कॅनमधे, चव बरी आहे पण दाणे तळाशी बसून राहतात, कितीही ठोका (शाकाहारी असाल तर लेबल कोणाकडून तरी वाचून घ्या, चिकनचा अर्क असू शकतो).

१ आणि ५ येनची नाणी बहुतेक मशीन घेतच नाहीत, १० पासून पुढची चालतात. सुईका कार्ड (तिथलं रेल्वे-बसचं प्रीपेड कार्ड) असेल तर बऱ्याच मशीनवर टेकवलं की झालं.

अर्धा स्टार कापला तो डस्टबिनपायी. बाजूच्या गोल भोकाच्या डब्यात फक्त कॅन-बाटल्या, बाकी रॅपर पर्समधे घालून घरी न्या, १९९५ च्या टोकियो मेट्रोतल्या सरीन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर रस्त्यावरचे डबे खूप कमी केलेत. आपल्या इंदूरला निदान सकाळी गाणं वाजवत कचरागाडी तरी येते.

आणि हो, ग्रीन टीत साखर नसते, घेतलात तर तशीच प्या.