स्थलांतरितांविषयीच्या द्वेषाचा इतिहास : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

स्थलांतरितांविरुद्धचा रोष केवळ बेकारीतून जन्मतो, या समजाला हा सशुल्क अभ्यासक्रम पहिल्याच व्याख्यानात धक्का देतो, आणि तेवढ्यासाठीही तो घ्यावा असे मला वाटते. अमेरिकेतील चिनी मजुरांवरील भाग सर्वांत सकस आहे. ज्यांच्या श्रमांवर १८६९ मध्ये खंडपार लोहमार्ग पूर्ण झाला, त्यांच्यावरच १८७३ च्या मंदीनंतर मजुरी पाडल्याचा आरोप झाला आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. कमी मजुरी ठरवणारे मालक मात्र या रोषातून बऱ्याच अंशी सुटले. ती बंदी १९४३ पर्यंत टिकली, हे ऐकताना मन विषण्ण होते.

अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने कोणत्या देशातून किती स्थलांतरित घ्यायचे याचा कोटा १८९० च्या जनगणनेवरून का ठरवला, याचे विवेचनही नेमके आहे : दक्षिण व पूर्व युरोपातून मोठ्या संख्येने लोक येण्याआधीची लोकसंख्या प्रमाण धरली, की त्यांचा वाटा आपोआप घटतो.

१९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना नव्वद दिवसांत घालवले गेले, त्याची बोळवण मात्र काही मिनिटांत केली आहे. दक्षिण आफ्रिकेतील २००८ चा हिंसाचारही घाईने उरकला आहे. तिथे गरिबांनीच गरिबांवर हल्ले केले, त्यामुळे खरे तर तोच भाग विस्ताराने हवा होता. समाजमाध्यमांवरील अफवांचे शेवटचे व्याख्यान उथळ असले, तरी एकूण अभ्यासक्रमाची शिफारस मी निःसंकोचपणे करतो.