मालदांडीची भाकरी, तुरीचं वरण आणि एक तक्रार

सोलापुरात बसस्टँडमागच्या छोट्या खानावळीत परवा साधी थाळी घेतली. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, शेंगाचटणी, कांदा. मावशींनी भाकरी तव्यावरून काढून चुलीतल्या निखाऱ्यांना टेकवली, तशी ती टम्म फुगली. पापुद्रा उचलला तर आतून वाफ आली. पीठ मालदांडीचं. ही रब्बीची ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते आणि तूर मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. आमच्या कोरडवाहू भागाला परवडणारं जेवण हेच!

तक्रार एकच. 'स्पेशल' थाळीत पनीर. किलोभर पनीरला कितीतरी लिटर दूध लागतं, आणि रवंथ करणाऱ्या म्हशीच्या पोटातून हवा तापवणारा मिथेन वायू निघतोच. मावशी, त्याऐवजी हुलग्याचे शेंगोळे ठेवा, मी दर शनिवारी येईन.