घरच्या डायलिसिसवर केंद्राची नजर: होमचॉइस क्लारिया आणि शेअरसोर्स

रात्री सायकलर (द्रव आपोआप पोटात सोडणारे आणि बाहेर काढणारे यंत्र) लावून पोटाचे डायलिसिस (पीडी) करणाऱ्यांना होमचॉइस क्लारिया हा सायकलर आणि त्याच्या नोंदी केंद्राला दाखवणारी शेअरसोर्स ही संगणक प्रणाली, ही जोडी खरोखर उपयोगी आहे. उपचार संपला की मोडेम रात्रीची नोंद आपोआप पाठवतो: किती द्रव आत गेला, किती बाहेर आला, निचऱ्याला किती वेळ लागला, कोणते अलार्म वाजले. सकाळी पीडी नर्सला संगणकावर धोक्याच्या खुणा दिसतात आणि डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शनही तिथूनच बदलता येते.

सर्वांत मोलाची नोंद निचऱ्याच्या वेळेची. तो लांबत चालला तर आधी बद्धकोष्ठता विचारा. मग नळीला पडलेला पीळ आणि फायब्रिनच्या (द्रवातल्या प्रथिनाच्या धाग्यांच्या) गुठळ्या बघा. तरीही फरक नसेल तर एक्स-रे काढून कॅथेटरचे (पोटात बसवलेल्या नळीचे) टोक ओटीपोटातून वर सरकले आहे का ते तपासा. पूर्वी हे सगळे महिन्याच्या भेटीपर्यंत दडून राहायचे, तोवर अंगावर सूज चढलेली असायची.

गढूळ द्रव मात्र यंत्राला कळत नाही. पिशवीमागे छापील कागद धरून अक्षरे वाचता येतात का, हे घरच्यांनीच रोज पाहायचे. गढूळ दिसला तर ती पिशवी घेऊन त्याच दिवशी केंद्र गाठा. तपासणीत द्रवात पांढऱ्या पेशी १०० प्रति मायक्रोलिटरपेक्षा जास्त आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), म्हणजे पेरिटोनायटिस, पोटाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग. कल्चरच्या (कोणते जंतू आहेत ते शोधणाऱ्या तपासणीच्या) अहवालाची वाट पाहत अँटिबायोटिक सुरू करणे लांबवायचे नाही.

हाताने पिशव्या बदलणाऱ्यांकडे सायकलर नसतो. त्यांनी नोंदवहीच्या पानाचा आणि पिशवीचा फोटो नर्सला पाठवावा, सोबत वजन आणि रक्तदाब.