व्यास मोजायची टेप घेतली, तीन आठवडे वापरली, सांगते कशी आहे

मुलीला सातवीत वर्तुळ आलंय, घरातल्या गोल वस्तूंचा परीघ आणि व्यास मोजून आणा असं सांगितलेलं, म्हणून ही टेप ऑनलाइन मागवली. साडेतीनशेच्या आसपास पडली, इंदूरला तीन दिवसात आली. कापडासारखी मऊ फायबरची आहे. एका बाजूला साधे सेंटीमीटर, दुसऱ्या बाजूला व्यासाचे आकडे, म्हणजे दर 3.14 सेंमीवर 1, 2, 3 छापलेत, वस्तूभोवती गुंडाळली की व्यास सरळ वाचता येतो. जंगलखात्यातले लोक झाडाची जाडी अशाच टेपने मोजतात.

एक गोष्ट मनापासून सांगते, मुलांना पहिल्या दिवशी व्यासाची बाजू दाखवू नका. मी दाखवली नाही ते फार बरं झालं. आधी साध्या बाजूने परीघ घेतला, व्यास पट्टीने घेतला आणि भागाकार तिलाच करू दिला. डब्याचं झाकण पहिलं, व्यास 11 आणि परीघ 36.2, भागाकार 3.29. मग लक्षात आलं की पट्टी मधून गेलीच नव्हती, जरा बाजूने गेली होती. झाकण दोन जाड पुस्तकांच्या मध्ये घट्ट धरलं आणि पुस्तकांमधलं अंतर मोजलं तर 11.5 निघालं, भागाकार 3.15. मग परात घेतली, 38 ला 119.3, म्हणजे 3.14. झाकण कुठे आणि परात कुठे, आणि उत्तर तेच, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. आमच्या भास्कराचार्यांनी व्यवहारासाठी 22/7 आणि बारीक हिशोबाला 3927/1250 सांगितलंय, ते तिला त्याच रात्री सांगितलं, तोवर आकडा तिचा स्वतःचा झाला होता.

आता खोट. टेपच्या टोकाला कडी आहे आणि शून्य कडीपासून 5 सेंमी आत आहे, हे कुठेही नीट लिहिलेलं नाही. आम्ही कडीपासून धरली, 24 च्या पोळपाटाचा परीघ 70.6 आला, भागाकार 2.94, आणि अर्धा तास मुलगी आपलंच चुकतंय समजून रडकुंडीला आली. शून्यापासून धरल्यावर 75.6, म्हणजे 3.15. शून्यावर लाल पेनने रेघ मारून ठेवा. शिवाय शिसपेन, बाटलीचं झाकण अशा लहान गोष्टींना ही टेप नीट बसत नाही, त्यांना साधा दोरा बरा.

पण मला खरी आवडली ती बांगड्यांमुळे. बांगडीचा 2-4, 2-6, 2-8 हा नंबर म्हणजे आतला व्यास, 2 इंच आणि वर मागच्या आकड्याइतके सोळांश इंच. 2-6 म्हणजे 6.03 सेंमी, 2-8 म्हणजे 6.35. सासूबाईंच्या हाताला अंगठा करंगळीकडे दुमडून बोटांच्या सांध्यांवरून टेप गुंडाळली आणि व्यासाची बाजू वाचली, 6.2. गणित करायला नको, काही नको! परीघाच्या बाजूने बघितलं तर एका नंबरातून पुढच्यात जाताना घेर बरोबर सेंटीमीटरभर वाढतो, हे मला आजवर माहीतच नव्हतं, आणि एवढ्याशा फरकाने बांगडी चढते की अडते. राजवाड्याच्या मागे चूडीवाल्याला मी 2-8 मागितल्या, त्याने हात दाबून बघितला आणि "दो-छह जाएगी माताजी" म्हणत साबण न लावता चढवल्या सुद्धा. मऊ हात दाबला जातो, टेप दाबत नाही. म्हणून काचेच्या बांगडीला टेपचा आकडा वरची हद्द धरा, सोन्याच्या किंवा जाड कड्याला मात्र टेपवरच विश्वास ठेवा.

5 पैकी 4 देते, एक त्या शून्यासाठी कापला. छपाई अजून पुसली नाहीये. मुलगी आता बागेतल्या पिंपळाला मिठी मारून टेप फिरवते, आमच्या दोघींचे हात लागतात त्याला.