राखेची वीट: चुना-जिप्समची की सिमेंटची?

फ्लाय ॲशच्या, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळून उरणाऱ्या बारीक राखेच्या विटा घ्यायचं ठरलं, की खरा प्रश्न उरतो तो राख कशाने बांधली आहे हा. माझा कल चुना-जिप्समकडे आहे. मात्र थांबायची तयारी हवी आणि चुना चोख हवा.

राख पाण्यात एकटी भिजवली तर सहसा फारसं काही धरत नाही. तिच्यातल्या काचेसारख्या सिलिका-ॲल्युमिनाला ओलाव्यात चुना मिळाला, की सिमेंटला बळ देणाऱ्या बंधासारखाच बंध तयार होतो. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख आणि चुना वापरून केलेली बांधकामं याच क्रियेवर उभी राहिली. पण क्रिया संथ, थंडीत तर फारच संथ. जिप्सममुळे सुरुवातीची ताकद लवकर येते, वाफेवर क्युअरिंग केलं, म्हणजे वीट ओली ठेवून पक्की होऊ दिली, तर आणखी लवकर. २८ दिवसांनंतरही वीट घट्ट होत राहते, पण मध्येच सुकली तर क्रिया तिथेच थांबते. त्यामुळे पाणी मारण्यात कुचराई चालत नाही.

सिमेंटची वीट काही दिवसांतच उचलण्याजोगी होते. काम घाईचं असेल तर तीच घ्यावी. सिमेंट भिजताना स्वतःही चुना सोडतं आणि तो राखेच्या कामी येतो. पण सिमेंट हात राखून घातलं असेल, तर तेवढा चुना पुरत नाही आणि बरीचशी राख नुसती भर म्हणून पडून राहते.

चुन्याची खरी जोखीम चुन्यातच आहे. कळीचा चुना नीट विझला नाही, तर विटेत पांढरे खडे राहतात. पुढे ओल लागली की ते फुगतात आणि गिलाव्याचा तुकडा उडवतात. हवेला लागून जुना झालेला चुना परत चुनखडी होतो, तो राखेशी जुळत नाही. अशा चुन्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले तर तो जोरात फसफसतो. राखही बारीक हवी. फार काळी दिसली तर न जळलेला कोळसा जास्त असल्याची शंका घ्यावी.

पर्यावरणासाठी चुना निवडणाऱ्यांनी एक हिशोब पाहावा: १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, इंधनाचा धूर वेगळाच. राखेचा वापर चांगलाच, पण चुना निर्दोष नाही.

कोणतीही घ्या, आधी दोन-चार विटा २४ तास पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर कोपरा अंगठ्याने चुरला जात असेल, तर तो माल परत पाठवा.