रिजनरेटिव्ह शेतीचं ‘प्रोफेशनल’ सर्टिफिकेट: माझे १,१३,७०० गेले, तुमचे वाचवा

मातीचा कस परत आणणारी ‘रिजनरेटिव्ह’ शेती शिकवतो म्हणणाऱ्या पुण्याच्या एका खासगी क्लासने मला फसवलं. आधी आकडे लिहिते, म्हणजे ‘असतील पाच-दहा हजार’ असं कुणी म्हणायला नको. नावनोंदणीचे ५,००० यूपीआयने. नंतर ४०,००० बँकेतून. ‘प्रॅक्टिकल किट’चे ७,५०० रोख, पावती नाही. उरलेल्या ५५,३०० चे ‘बिनव्याजी सोपे हप्ते’, महिना ५,१०० प्रमाणे १२. गुणाकार करा, ६१,२०० होतात. एकूण १,१३,७००. कागदावर फी होती ८५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी.

मी बीएस्सी ॲग्री आहे. सिन्नरकडच्या गावात पाणलोटाची कामं बघत वाढले. भुलणाऱ्यातली नाही. ‘शेवटच्या चार जागा’, ‘आज रात्रीपर्यंत सवलत’ हे सगळ्यांना ठाऊक असलेले प्रकार यांनीही केले, पण मी त्यावर गेले नाही. मी गेले ती खऱ्या गोष्टींवर. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली, तरतूद २,४८१ कोटींची. हे खरंच आहे. सेंद्रिय कर्ब, आच्छादन, विनानांगरणी, माथा ते पायथा नियोजन, कार्बन क्रेडिट, हेही खरंच. या सगळ्याच्या मध्ये त्यांनी दोन खोटी वाक्यं बसवली: आमचा कोर्स ‘एनएसक्यूएफ लेव्हल ६’ (सरकारच्या कौशल्य पात्रतेतली पायरी) आहे, आणि अभियानात प्रत्येक तालुक्याला सर्टिफाइड प्लॅनर घेणार आहेत. अभियानाचं गावपातळीवरचं काम कृषी सखींकडे, म्हणजे गावातल्याच प्रशिक्षित महिलांकडे आहे. खासगी क्लासचं सर्टिफिकेट तिथे कुणी विचारत नाही.

माझ्या डोक्यातून जात नाही तो शिवारफेरीचा दिवस. हिवरे बाजार आणि नेरळची एसआरटीची (सगुणा राइस तंत्र, विनानांगरणी भाताची पद्धत) शेतं दाखवणार म्हणाले होते, नेलं एका फार्महाऊसवर. तिथे सरांनी तीन बांबू बांधून ए-फ्रेम, म्हणजे जमिनीवर समपातळी शोधायची ‘A’ आकाराची चौकट, उभी केली, सुतळीला दगड लटकवला आणि आडव्या बांबूच्या मधोमध नजरेने पेनाची खूण केली. झालं, म्हणाले. ज्याने कधी समतल चर (पाणी जिरवायला उताराला आडवा, एका पातळीत खणलेला) आखला आहे त्याला कळेल मी काय म्हणते. फ्रेम उभी करायची, सुतळी टेकते तिथे खूण करायची, मग फ्रेमचे दोन्ही पाय एकमेकांच्या जागी ठेवून पुन्हा खूण करायची. त्या दोन खुणांचा मध्य तो खरा. हे न करता आखलेला चर समतल राहीलच असं नाही. पाणी जिरायच्या ऐवजी एका टोकाला पळतं आणि तिथून माती घेऊन फुटतं. त्यांनी फक्कीने टाकलेली रेघ उताराला लागलेली नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

मी म्हटलं, “सर, पाय उलटे करून बघायचं राहिलं.”

“मॅडम, आता हे सगळं ड्रोनवर होतं. हे फोटोपुरतं.”

फोटोपुरतं! तिथेच उठून निघायचं होतं. पण ४५,००० जाऊन बसले होते, आणि शेजारी एक निवृत्त कृषी अधिकारी शिकायला बसलेले. तेही गप्प. माझ्या जागी कोण उठलं असतं?

‘सोपे हप्ते’ म्हणजे कर्ज, हे कुणी सांगत नाही. टॅबवर सही घेतली, ‘फी व्हेरिफिकेशन’ म्हणून ओटीपी घेतला. कर्ज माझ्या नावावर आणि रक्कम एकरकमी क्लासच्या खात्यात. ऑफिसला कुलूप लागलं तरी माझ्या खात्यातून ५,१०० जातातच. बाउन्स झाला तर ५९० वेगळे आणि सिबिल खराब. ओटीपी देण्याआधी मेसेजमध्ये ‘लोन’ किंवा ‘मॅंडेट’ (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) शब्द आहे का, ते वाचा.

आता तक्रारीचं ऐका. तालुक्याच्या ठाण्यात म्हणाले, क्लास पुण्याचा, पुण्याला जा. पुण्यात म्हणाले, पैसे गावातून पाठवले, गावाला जा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लागू आहे, गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. हे मी म्हटल्यावर हवालदारसाहेब म्हणाले, “कायदा आम्हाला शिकवू नका.” १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, हे सायबर नाही. ठाण्यातल्या साहेबांनी अर्ज न वाचताच निकाल दिला: “ट्रेनिंग झालं ना? सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.” खोट्या लेव्हलचा कागद विकणं दिवाणी? उद्या कुणी खोटं बियाणं विकलं तर पिशवी मिळाली ना म्हणणार? कृषी कार्यालयाने कोर्सशी संबंध नाही म्हणून हात वर केले. कर्ज कंपनी म्हणते, क्लासशी तुमचं तुम्ही बघा. मग बघायचं कुणी? माझ्या अर्जाची साधी पोचसुद्धा शिक्का मारून द्यायला दुपारभर बसवून ठेवलं.

पैसे भरण्याआधी, लेव्हल सांगतात तो कोर्स नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरवर शोधा. आमचा नव्हताच. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका, फुकट आहे. आमच्या पावतीवर पत्ता पुण्याचा आणि क्रमांकाची सुरुवात २४ ने, म्हणजे गुजरात. महाराष्ट्राचा २७ असतो. पीजीएस गटात (शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासून सेंद्रिय प्रमाणपत्र द्यायची सरकारी पद्धत) नाव घालायला ‘एजंट फी’ मागितली तर सरळ उठा. कृषी पदवीधरांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या केंद्राच्या संस्थेचं ॲग्री-क्लिनिक (शेतीसल्ला केंद्र काढायचं) प्रशिक्षण २००२ पासून आहे, आता ४५ दिवसांचं, प्रशिक्षणार्थीला मोफत. जीवामृत या शेण-गोमूत्राच्या द्रवखतासाठी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण घालायचं, हे शिकायला कुणाला पैसे देऊ नका.

तीच माणसं नव्या नावाने नवीन बॅच भरताहेत, जाहिरातीत फोटो आमच्या शिवारफेरीचे आहेत. मी जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली सारखी तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र जाता येतं. आमच्या बॅचमधल्या ज्यांनी लाजेने घरीसुद्धा सांगितलेलं नाही त्यांनी पावती, कर्जाचा करार आणि सर्टिफिकेट, तिन्हींच्या प्रती काढून ठेवा आणि मला कळवा.