थायरॉईड तपासणीसाठी घरी येणारी रक्तनमुना सेवा : दोन वर्षांचा अनुभव

आमचे गाव घाटंजी तालुक्यात आडमार्गाला आहे. दोन वर्षांपूर्वी माझा टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक; थायरॉईड कमी पडले की हा आकडा चढतो) ११.४ आला, थायरॉईडची कमतरता भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि तेव्हापासून मी तालुक्याच्या एका तपासणी केंद्राची घरपोच सेवा घेते आहे.

या सेवेचा खरा फायदा वेळेचा आहे. टीएसएच रात्री व पहाटे चढा असतो आणि दुपारकडे उतरतो. एसटीने तालुक्याला पोहोचेपर्यंत मला कधी दहा, तर कधी साडेबारा वाजत, त्यामुळे मागचा आणि आताचा आकडा ताडून पाहणे अवघड होई. आता केंद्राचे दादा दर वेळी सकाळी सातला येतात, ओसरीत बसून नळीवर माझे नाव आणि वेळ माझ्यादेखत लिहितात, मगच सुई टोचतात आणि नमुना बर्फाच्या डब्यात ठेवतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा हा डबा फार महत्त्वाचा वाटतो. "ताई, आजची गोळी रक्त दिल्यावरच घ्या," असे ते न चुकता सांगतात. गोळीनंतर किमान अर्धा तास चहा नाही आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी, हेही मला प्रथम त्यांच्याकडूनच समजले.

तक्रार मात्र गंभीर आहे. गेल्या वर्षी माझा टीएसएच एकदम ०.२ आला. गोळी जास्त होत असल्याचा तो अर्थ होता, पण मला तर अजूनही थंडी वाजत होती, पोट साफ होत नव्हते आणि कापूस वेचताना दुपारी बांधावर बसावे लागत होते; ही तर थायरॉईड कमी पडत असल्याची लक्षणे. डॉक्टरांनी विचारले, "केस गळतात म्हणून काही गोळ्या घेता का?" मी घेत होते. त्यांत बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्व होते आणि बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी दिसतो. त्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवून पुन्हा रक्त दिले, तेव्हा आकडा ७.१ निघाला. पहिल्या अहवालावर विसंबून मात्रा कमी केली असती, तर आजार वाढला असता. डॉक्टरांनी मात्रा ७५ केली. या औषधाचा परिणाम रक्तात स्थिरावायला सहा आठवडे लागतात, म्हणून तेवढे थांबून केलेल्या तपासणीत टीएसएच २.६ आला.

आता दादा रक्त घेण्याआधी इतर गोळ्यांची चौकशी करतात, ही सुधारणा मनापासून आवडली. त्या दुसऱ्या तपासणीचे पैसे केंद्राने घेतले, हे मात्र मला अजूनही मान्य नाही.